हौदातले पाव्हणे

आशाताई पहिल्यांदा आमच्या अंगणात पाणी तपासायला आल्या, तेव्हा माझ्या सासऱ्यांना वाटलं, त्या कौतुक करायला आल्यात.

"साठवलेलं पाणी किती हाय मामा तुमच्याकडं?" त्यांनी फाटकातूनच विचारलं.

आमचं गाव घाटनांदूरच्या जवळ, माळावर. नळाला आठ दिवसांनी पाणी येतं, तेही आलं तर. अशा गावात हा प्रश्न विचारणं म्हणजे घरात सोनं किती आहे असं विचारण्यासारखं. मामा खाटेवरून उठले, टोपी नीट केली आणि आशाताईंना घेऊन निघाले. मी ओसरीत शिलाई मशीनवर बसले होते. ब्लाऊजच्या बाह्या जोडता जोडता मला त्यांचा सगळा फेरफटका दिसत होता.

"ह्यो ड्रम मागच्या पाण्याचा," मामा सांगत होते. "ह्यो त्याच्याबी मागच्या. ही घागर फुटकी हाय, पण अर्ध्यापस्तोर धरती. आन् ह्यो..." इथं त्यांचा आवाज हळू झाला, "ह्यो पोळ्यापासूनचा हाय. कुणाला हात लावू दिला न्हाई."

आशाताईंनी पिशवीतून बॅटरी काढली आणि पोळ्यापासूनच्या ड्रममध्ये उजेड पाडला. त्या आमच्याच गावच्या सूनबाई, सरकारी दवाखान्याचं काम गावात बघणाऱ्या. अंगानं बारीक, चालणं तुरुतुरु, आणि म्हातारा असो की तान्हं लेकरू, सगळ्यांशी एकाच सुरात बोलणार, जसं काही समोरच्याला आत्ता गोळी गिळायचीय.

"मामा, ह्यात अळ्या झाल्यात."

"असतील की," मामा मोठ्या मनानं म्हणाले. "त्यांचा कुणाला तरास न्हाई."

मग आशाताईंनी त्यांना समजावून सांगितलं. या अळ्यांचे डास होतात. अंगावर पांढरे पट्टे असलेले हे डास दिवसाढवळ्या चावतात आणि त्यांच्यामुळंच डेंग्यूचा ताप येतो. त्यांना घाण पाणी नको असतं, असलंच साठवलेलं, छान पाणी लागतं. म्हणून आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी रिकामी करायची, आतून घासायची, कारण अंडी कडेला चिकटून बसतात, आणि उन्हात वाळवायची. याला म्हणायचं कोरडा दिवस.

मामांनी सगळं ऐकून घेतलं.

"पाणी आठ दिवसाला येतंय," ते म्हणाले, "आन् तुमी म्हणता आठ दिवसाला सांडा. मंग पेयाचं कवा?"

आशाताई हसल्या. "सांडू नका हो. शिळं पाणी झाडाला घाला. पेयाच्या पाण्याला फडकं बांधून ठेवा घट्ट, डास आत जाईल येवढीबी फट नको. एवढं तरी करा."

"करतो की," मामा म्हणाले, आणि त्या गेल्यावर खाटेवर जाऊन आडवे झाले. ड्रमवर एक फळी मात्र त्यांनी ठेवली. तिच्या फटीतून मांजर आत जाऊ शकलं असतं.

त्याच संध्याकाळी मारुतीच्या देवळातल्या भोंग्यावरून गावचे माजी सरपंच बोलले. त्यांना सगळं गाव आबा म्हणतं. निवडणूक होऊन गेली तरी माईक त्यांच्या हातातून सुटला नव्हता. "ग्रामस्थ बंधू-भगिनींनो, डेंगू हा लई हुशार हाय. तो दिवसा चावतो. तरी आपण सर्वांनी आपापले घर आन् परिसर स्वच्छ ठेवावा. मी स्वतः ठेवलेला हाय." मामा आणि आबा एका वर्गात एकाच इयत्तेत नापास झालेले जुने सोबती. त्यामुळं आबा काही सांगू लागले, की ते करायचं नाही असं मामांचं आधीच ठरलेलं असे.

आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत आमच्या ह्यांना ताप आला.

नुसता ताप नव्हे. हे तेलगावला मोटारसायकलवर कापसाच्या कामाला जाऊन आले आणि दारातच बसले. डोळ्यांच्या मागं दुखतंय म्हणाले, हाडं कुणीतरी पिळायलंय म्हणाले. मी मेडिकलमधून अंगदुखीची गोळी आणायला निघाले तर आशाताईंनी फोनवरच अडवलं. मनानं कसलीबी गोळी देऊ नका, उलट त्यानं नुकसान होतं. आधी रक्त तपासा. आम्ही तसेच अंबाजोगाईला दवाखान्यात गेलो. डेंग्यूच निघाला. ह्यांना भरती करून घेतलं.

ते दिवस मला अजून नको वाटतात. मी खाटेच्या कडेला बसून सलाईनचे थेंब बघत राहायची. ह्यांच्या दंडावर लाल पुरळ उठलं होतं. हे एरवी बोलून जीव नको करणारे, ते गप्प पडून होते, आणि ती शांतता मला सोसत नव्हती.

बाकी भेटायला येणाऱ्यांनी मला रडायला वेळ दिला नाही, हे मात्र खरं. आलेला प्रत्येक जण पपईची पानं घेऊन आला. चुलत दिरानं पोतंभर आणली. एका मावसबहिणीनं व्हॉट्सॲपवर वाचून सांगितलं की शेळीचं दूध पाजा. दुसरीनं सांगितलं की शेळीचं चालतं पण काळ्या शेळीचं. आमच्याकडं शेळ्या होत्याच, तर अर्धी गल्ली गिलास घेऊन सासूबाईंच्या दारात उभी. ज्यांना ताप नव्हता तेही प्यायले. डॉक्टरीणबाई राऊंडला आल्या, त्या पानांच्या ढिगाकडं बघून त्यांनी विचारलं, "ही यांना आणलीत की शेळीला?" मग म्हणाल्या, पाणी पाजा, ताक पाजा, आराम करू द्या, रक्त तपासत राहू, आणि पोट दुखलं, उलट्या झाल्या, कुठून रक्त आलं तर लगेच सांगा.

हे बरे झाले. घरी आल्यावर भिंतीला धरून चालत होते, पण दुसऱ्याच दिवशी भाजीत मीठ कमी आहे म्हणाले, तेव्हा मी मनातल्या मनात देवाला हात जोडले.

मामांनी त्या दिवशी पोळ्यापासूनचा ड्रम आडवा केला आणि लिंबाच्या बुंध्याला पाणी सोडलं. नंतर ड्रमच्या आत डोकं घालून तो नारळाच्या शेंडीनं घासला. आतून त्यांचा आवाज घुमत होता. ते डासांच्या आईवरून काहीतरी बोलत होते.

राहिला जनावरांचा हौद. तो मामांनी तरुणपणी स्वतः बांधलेला, बैलगाडीएवढा लांब. तो आठवड्याला उपसायचा म्हणजे म्हैस, शेळ्या सगळी तहानलेली राहणार. आशाताई म्हणाल्या, "हौदाचा इलाज हाय माझ्याकडं," आणि दोन दिवसांनी प्लास्टिकच्या बाटलीत गप्पी मासे घेऊन आल्या. करंगळीच्या पेरापेक्षा लहान, राखी रंगाचे. काहींच्या शेपटीला मात्र मोराच्या पिसासारखी चमक. हे डासांच्या अळ्या खातात, त्यांना वेगळं काही घालायला लागत नाही, जनावरांना काही होत नाही.

मामा दोन पावलं मागं सरकले. "मासे?"

इथं सांगायला हवं, की मामांनी गळ्यात माळ घातल्याला कितीतरी वर्षं झाली होती. घरात अंडंसुद्धा येत नसे. मी माहेरी अंबाजोगाईला ऑम्लेट खाल्लं की परत येताना एसटीत बडीशेप चावत यायची.

"खायचे न्हाईत मामा. पाळायचेत," आशाताई म्हणाल्या.

"ते कळलं. पण मासे म्हणजे मासेच की."

सासूबाईंनी तिढा सोडवला. मी त्यांना आत्या म्हणते. आत्या भाकरी थापताना उठून आल्या होत्या, हाताला पीठ तसंच. "मासे म्हणायचंच न्हाई. पाव्हणे म्हणायचं. आले, ऱ्हायले, आपलं काम केलं. तुमच्या माळेला काय कळतंय?"

हे मामांना पटलं. बाटली हौदात उपडी झाली आणि त्या दिवसापासून आमच्या घरात मासे हा शब्द बंद झाला. सकाळी उठल्यावर मामा हौदाशी जायचे आणि ओरडून सांगायचे, "पाव्हणे मजेत हायत!" माझ्या नणंदेनं एकदा फोन केला तेव्हा आत्या बोलून गेल्या, "पाव्हणे व्हय? हौदात हायत की, सकाळपासून." नणंदेनं तिकडं लगेच फोन ठेवला. नंतर तिनं मला वेगळा फोन करून विचारलं, आईची तब्येत बरी आहे ना.

चांगला महिनाभर सुखात गेला. मग एके दिवशी दुपारी मामा हौदावर वाकून उभे होते ते हलेनात. कपाळावर हात धरून, कधी या बाजूनं, कधी त्या बाजूनं. शेजारी म्हैस पाणी पिऊन ओठ चाटत उभी. कपाळावर पांढरा चांद असलेली, मामांची सगळ्यात लाडकी म्हैस.

"काय बघायलेत मामा?" मी मशीनवरून विचारलं.

"पाव्हणे न्हाईत."

"असतील की तळाला."

"न्हाईत म्हणतो ना. एकबी न्हाई." मग त्यांनी म्हशीकडं बघितलं. म्हशीनं त्यांच्याकडं बघितलं आणि एक ढेकर दिला. मामांचा चेहरा उतरला. "हिनं खाल्ले."

मी उठून हौदात डोकावले. भर दुपार, पाण्यावर ऊन चमकत होतं, खाली शेवाळ्याचा हिरवा अंधार. मलाही काही दिसलं नाही. आणि म्हशीला बघितलं तर, खरं सांगते, तिचा चेहरा मला जरा चोरटा वाटला.

आता प्रश्न माशांचा नव्हता, दुधाचा होता. मासे खाल्लेल्या म्हशीचं दूध माळकऱ्यानं प्यायचं का? मामांनी त्या दिवशी चहा कोरा घेतला आणि कोरा चहा त्यांना मुळीच आवडत नाही. मग जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. मी स्पीकरवर ठेवला.

"डॉक्टरसाहेब, म्हशीनं मासा खाल्ला तर काय होतंय?"

पलीकडून डॉक्टरांनी विचारलं, "कुणाला? म्हशीला का माशाला?"

"दुधाला!"

डॉक्टर म्हणाले, काही होत नाही. गवताबरोबर म्हैस रोज कितीतरी किडे-मुंग्या गिळते, तेव्हा तुम्ही विचारत नाही. हे ऐकून मामांना धीर येण्याऐवजी ते आणखीच खचले. "म्हंजे रोजच खातीय," ते हळूच म्हणाले.

बोभाटा व्हायला वेळ लागला नाही. त्यातही आत्यांनी नियम पाळला आणि तोच महागात पडला. पाणी भरताना शेजारणीला त्या म्हणाल्या, "काय सांगू बाई, आमच्या म्हशीनं पाव्हणे खाल्ले." शेजारणीनं घागर तिथंच ठेवली. संध्याकाळपर्यंत वरच्या आळीत अशी बातमी पोचली, की आमच्याकडं पाहुणे आले होते, त्यांच्यावर म्हैस धावून गेली आणि एकाला अंबाजोगाईला हलवलंय. दोन जण विचारपूस करायला बिस्किटाचे पुडे घेऊन आले. त्यांना खरी हकीकत सांगितली. ते दारातून बाहेर पडेपर्यंत थांबले आणि मग रस्त्यावर मोठ्यानं हसले.

आबांकडं आमचं दूध जात असे. दुसऱ्या दिवशी त्यांचा गडी रिकामी बरणी घेऊन आला आणि निरोप देऊन गेला: घरात सत्यनारायण आहे, असलं दूध चालणार नाही. मामांना हे फार लागलं. आबा स्वतः लग्नाकार्यात मटणाच्या पंगतीला पहिल्या ओळीत बसतात हे गावाला माहीत होतं. पण आता म्हशीच्या अब्रूचा सवाल होता.

"हिला शुद्ध करायचं," मामांनी जाहीर केलं. "परवा एकादशी हाय. हिला उपास धरायला लावतो."

आमचे हे अजून अशक्त होते, पण हसून हसून त्यांना खोकला लागला. मामा मात्र गंभीर होते. आत्यांनी कमरेवर हात ठेवून विचारलं, "म्हशीला भगर करू का साबुदाणा?"

मामांनी त्यावर खरंच विचार केला. "रताळी चालतील," ते म्हणाले.

एकादशीला सकाळी मामांनी म्हशीला आंघोळ घातली, कपाळाला बुक्का लावला, आणि कडब्याची पेंढी तिच्यापासून लांब नेऊन ठेवली. तिच्यापुढं पाटीत रताळी ठेवली. म्हैस आधी हुंगली. मग तिनं एक खाल्लं. मग पाटी पालथी करून सगळी खाल्ली आणि पाटीही चावायला लागली. तिला उपास फारच आवडला होता. मामांना वाटलं, पश्चात्ताप होतोय.

पण रताळ्यांनी म्हशीचं पोट कुठं भरतं? दहा-अकरा वाजेपर्यंत ती खुंट्याभोवती फिरायला लागली. मग हंबरायला लागली. तिचा आवाज असा, की माझ्या मशीनची सुई थरथरायची. "हिला चारा टाका हो," आत्या म्हणाल्या. "तिला कुटं माळ घातलीय?"

"सूर्य मावळेपस्तोर न्हाई," मामा म्हणाले आणि शेंगदाण्याचा लाडू खात पलीकडं जाऊन बसले.

मी बाही उलटी शिवली म्हणून उसवत होते, तेवढ्यात कडकन आवाज झाला. खुंटा मुळासकट उपटून म्हैस फाटकातून बाहेर पडली. दोरीला बांधलेला खुंटा मागं उड्या मारत होता. मामा लाडू टाकून धावले, आत्या धावल्या, मी गळ्यात मापाची टेप तशीच घेऊन धावले. हे सावकाश चालत फाटकापर्यंत आले आणि तिथून आम्हाला दिशा सांगत राहिले.

म्हैस कुठं थांबली म्हणाल, तर आबांच्या बंगल्यापुढं. आबांच्या घरी मांडव घातलेला, सत्यनारायणाची तयारी चाललेली. दारात केळीचे खुंट उभे केलेले. म्हशीनं येता येता एक केळीचा खुंट तोंडात धरला आणि तो चावत चावत बंगल्यापुढच्या कारंज्यात जाऊन बसली.

हे कारंजं आबांनी बंगला बांधला तेव्हा केलेलं. मधोमध सिमेंटचं कमळ. उद्घाटनाला एकदा उडालं होतं, त्यानंतर नाही. पावसाचं पाणी मात्र त्यात काठोकाठ भरलेलं. म्हैस बसल्यावर त्यातलं निम्मं पाणी मांडवात आलं. ती डोळे मिटून कमळाला मान घासायला लागली.

"अबे, तुझी म्हैस आवर!" आबा पांढऱ्या सदऱ्यात बाहेर आले. "पूजेचा दिवस हाय!"

"तिचाबी एकादशीचा उपास हाय बे!" मामा धापा टाकत म्हणाले. "तुझ्याच बोलण्यानं धरला तिनं."

"माझ्या? कावून?"

"दूध कुणी बंद केलं?"

दोघं तिथंच भांडायला लागले. भांडण म्हशीवरून दुधावर, दुधावरून निवडणुकीवर आणि तिथून शाळेतल्या कुठल्यातरी चोरीला गेलेल्या पेन्सिलीवर गेलं. पूजेला आलेले लोक दोन्ही बाजूंना उभं राहून ऐकत होते. भटजींनी पाट ओढून घेतला आणि बसून घेतलं.

एवढ्यात आशाताई आल्या. त्या पूजेला आल्या होत्या, नेसणं नवं होतं, पण पिशवी पाठीवर होतीच. गर्दी बघून त्या सवयीनं पुढं गेल्या आणि सवयीनंच कारंज्यात बॅटरी मारली.

"आबा," त्या म्हणाल्या.

आबा पेन्सिलीवर होते. त्यांनी ऐकलं नाही.

"आबा, ह्यात लई अळ्या हायत. वळवळायल्यात बघा."

सगळे वाकले. भटजीही पाटावरून उठून वाकले. म्हशीनं ढवळलेल्या पाण्यात, तिच्या पाठीभोवती, नुसता नाच चालला होता. कुणीतरी मागून भोंग्याच्या आवाजात म्हणालं, "मी स्वतः ठेवलेला हाय." मग जे हसू फुटलं, ते थांबेना. आबाही आधी लाल झाले, मग टोपी काढून डोकं खाजवलं आणि शेवटी तेही हसले. तेवढं एक त्यांचं चांगलं आहे.

"मंग काय करायचं, ताई? फोडू का कारंजं?"

"फोडायचं कशाला? पाणी उपसा, घासून काढा. न्हाईतर गप्पी सोडा. यांच्या हौदात हायत की भरपूर, एक बाटलीभर न्या."

मामा खालच्या आवाजात म्हणाले, "आमच्यातले कुटं राहिले? हिनं..." आणि त्यांनी म्हशीकडं हात केला.

"सगळे?" आशाताईंनी विचारलं. "बघितलं कुणी?"

आम्ही एकमेकांकडं बघितलं. डॉक्टरांना फोन झाला होता, दूध बंद झालं होतं, उपास झाला होता, दोन आळ्यांत चर्चा झाली होती. पण मामांचं बोलणं आणि माझं भर दुपारचं डोकावणं सोडलं, तर हौदात नीट असं कुणीच बघितलं नव्हतं.

म्हशीला केळीच्या दुसऱ्या खुंटाची लालूच दाखवून बाहेर काढलं, आणि ती पुढं, मागं आबा, मामा, आशाताई, भटजी आणि पूजेला आलेली सगळी माणसं अशी वरात आमच्या अंगणात आली. आशाताईंनी पदर खोचला, हौदाच्या कडेचं शेवाळ हातानं बाजूला केलं आणि आतल्या पायरीच्या दगडाखाली उजेड पाडला.

दगडाखालून मासे निघाले. आधी पाच-सात, मग मूठभर, मग मोजायचं कुणी मनातच आणलं नाही. मोठे, लहान, आणि नुसते डोळ्यांचे ठिपके दिसावेत एवढी पिल्लं. पाव्हण्यांनी आमच्याकडं संसार थाटला होता. उन्हात ते दगडाखाली जात होते, एवढंच. बायका "अगं बाई" म्हणायला लागल्या. भटजींनी नकळत हात जोडले.

"कुटं हायत?" मामांनी विचारलं.

"हे काय, मामा."

"कुटं?"

"तुमच्या हाताखाली," आबा म्हणाले. "अबे, तुझ्या बोटाला लागायलेत!"

मामा पाण्याजवळ नाक नेऊन बघत होते. त्यांच्या बोटांभोवती मासे फिरत होते, आणि ते म्हणत होते, "कुटं?" गर्दीतलं हसणं हळूहळू कमी झालं. आत्यांनी माझा हात धरला.

आशाताईंनी मामांना कट्ट्यावर बसवलं, त्यांचा एक डोळा हातानं झाकला आणि समोर बोटं धरली. मग दुसरा. मामा दोन्ही वेळा खात्रीनं बोलले आणि दोन्ही वेळा चुकले. "मोतीबिंदू वाटतोय मामा," त्या म्हणाल्या, त्यांच्या त्याच गोळी गिळायच्या सुरात. "घाबरायचं न्हाई. छोटं ऑपरेशन असतं. डॉक्टरांना दाखवू."

"मला दिसतंय की," मामा म्हणाले. "धुकं असतंय जरा."

"भर दुपारी?" आत्यांनी विचारलं.

"सकाळच्याला तर हलताना दिसायचे," मामा पुटपुटले. मग उठून, चाचपडत नव्हे, अगदी नेमके म्हशीकडं गेले. तिला त्यांनी कशावरून ओळखलं, देव जाणे. तिच्या चांदावरचा बुक्का धोतराच्या सोग्यानं पुसला आणि अख्खी कडब्याची पेंढी तिच्यापुढं टाकली. "चुकलं माय माझं," ते तिला म्हणाले. सगळ्या गावादेखत. त्या दिवशी आबांच्या पूजेच्या प्रसादाला दूध आमच्याच म्हशीचं गेलं. आबांनी बरणी स्वतः धरली होती.

आबांचं कारंजं घासून झालं. पाण्याचं नवं नियोजन असं झालं की ज्या आळीला नळ येणार, त्या आळीचा कोरडा दिवस आदल्या दिवशी. म्हणजे शिळं पाणी झाडांना जातं आणि लगेच ताजं भरता येतं. हे आत्यांना भाकरी थापताना सुचलं, पण भोंग्यावरून सांगितलं आबांनी. त्या मोसमात आमच्या आळीत पुढं कुणाला ताप आला नाही. गल्लीतल्या म्हाताऱ्या अजून शेळीचं दूध पितात, ते सोडा.

मामांना ऑपरेशनला तयार करायला मात्र फार दिवस लागले. डोळ्यात सुई घालतात असं कुणीतरी त्यांना सांगितलं होतं. शेवटी आबाच म्हणाले, "चल बे, मीबी दाखवतो माझे." दोघं सोबत अंबाजोगाईला गेले. आबांचे डोळे ठणठणीत निघाले, याचं त्यांना जरा वाईटच वाटलं. मामांचं एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, मग सवडीनं दुसऱ्याचं. काळा चष्मा लावून ते परत आले तेव्हा शेळ्या बुजल्या.

डॉक्टरांनी चष्मा काढायची परवानगी दिली त्या सकाळी आम्ही सगळे ओसरीत जमलो होतो. मामांनी सावकाश इकडं तिकडं बघितलं. भिंतीकडं बघून म्हणाले, चुना कधीचा उडालाय. माझ्या मशीनवरच्या ब्लाऊजकडं बघून म्हणाले, ही शिलाई वाकडी हाय. ती होती. आमच्या ह्यांना म्हणाले, वाळलास रे. मग त्यांनी चुलीपुढं बसलेल्या आत्यांकडं बघितलं आणि बराच वेळ बघत राहिले.

"तुझे केस कवा पांढरे झाले?"

"झाले असतील," आत्या म्हणाल्या आणि तव्यावरची भाकरी उलटली. पण त्यांनी पदर डोक्यावरून जरा पुढं ओढून घेतला, आणि मला म्हणाल्या, "बाई, ह्यांना आधी चहा दे. दुधाचा."